भावाची दारू सोडवायची आहे, वहिनीला मार बसतो. जळगाव-धुळ्याकडे कुठे न्यावं?

कळण्याची_भाकर: मोठा भाऊ, वय 41, चोपडा तालुका, कोरडवाहू कापूस. आधी बाजाराच्या दिवसापुरतं होतं, आता चहाआधी लागते, नाही मिळाली तर हात कापतात. रात्री वहिनीवर हात टाकतो. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत. गल्लीत मोटारसायकल वाजली की पोरगी वह्या गोळा करून शेजारच्या जिजींच्या घरात जाऊन बसते, कुणी सांगावं लागत नाही. माझ्याकडे 15 हजार आहेत, त्यापुढे नाही. इकडचंच सांगा, पुणे जमणार नाही. वहिनीला माहेर उरलेलं नाही.

भुसावळ_जंक्शन: पुणे. दुसरं काही बघूच नका. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, 1986 पासूनचं आहे, 35 दिवस ठेवतात, घरच्यांनाही बोलावून बोलतात. माझा साडू तिथूनच माणसात आला. महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळहून थेट पुण्याला जाते. पैशाकडे बघायचं नसतं अशा वेळी.

कळण्याची_भाकर: दादा, वर लिहिलंय, पुणे नाही.

नाना_पारोळा: टीव्हीवर जाहिरात येते ती पावडर मागवा. 2800 ला पडली. भाजीत कालवून द्यायची, माणसाला पत्ता लागत नाही. आमच्या चुलतभावाने महिनाभर सोडली होती.

केळीबाग_रावेर: आणि महिन्यानंतर?

नाना_पारोळा: नंतर पावडर संपली.

सिस्टर_धुळे: नाना, असं कुणाला सांगू नका हो. अशा पुड्यांत काय असतं कोण बघतं? दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिराम देतात ती गोळी सुद्धा पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायची असते. न सांगता दिली आणि वरून तो प्यायला, तर बीपी पडतं, छाती भरून येते, जिवावर बेतू शकतं.
दुसरं. सकाळी हात कापतात म्हणता, म्हणजे अंगाला सवय लागलीय. घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोन-चार दिवसांत आकडी येते, भास होतात, माणूस दगावतोसुद्धा. आमच्याकडे वॉर्डात पोळ्याच्या आसपास असे पेशंट हमखास. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभागात दाखवा, खर्च नावापुरता. आधी फोनवर बोलायचं असेल तर नशामुक्तीचा 14446, मनाच्या आजारांसाठी सरकारी टेलिमानस 14416.

केळीबाग_रावेर: माळ घालायला लावा. आमचे काका मुक्ताईच्या वारीला गेले आणि सुटली.

खान्देशी_मिरची: माळ घालून पिणारे बी दाखवू का भो? आमच्या मेव्हण्याला एका केंद्राची गाडी येऊन उचलून घेऊन गेली. सासऱ्यांनी 40 हजार मोजले. परत आला तर पाठीवर वळ, आणि कुणी पाठवलं याचा राग बहिणीवर काढला.

भुसावळ_जंक्शन: म्हणून म्हणतो, पुणे.

सातपुडा_पायथा: एकेकाला सोडवून काय होतं? गावचं दुकानच बंद करा. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग मतदान, निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद.

खान्देशी_मिरची: आमच्या शेजारच्या गावात झालं ते. बाटली आडवी झाली, हातभट्टीचे कॅन उभे राहिले.

सातपुडा_पायथा: तो पोलिसांचा दोष, कायद्याचा नाही.

खान्देशी_मिरची: मंग वहिनीने तोवर मार खायचा का?

आप्पांची_लेक: सगळे दारूचंच बोलताय. माझ्या वडिलांची दारू सुटली, हात सुटला नाही. आधी पिऊन ताट भिरकवायचे, मग शुद्धीत भिरकवायला लागले, आणि नातेवाईक म्हणायचे, आता तर पीत नाही ना, अजून काय पाहिजे तुम्हाला? ताई, एवढंच बघा, तुमचा भाऊ प्यायल्यावर सरपंचाला मारतो का? सावकाराला? नाही ना? मग कुणावर हात उचलायचा हे त्याला नशेतही कळतंय. दारूचा इलाज डॉक्टर करेल, याचा वेगळा करावा लागेल. आणि दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालायला जाऊ नका. तिथे बोललेल्या शब्दाचा हिशोब रात्री घरी होतो.

वकीलीण_अमळनेर: बरोबर. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यासाठीच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो वहिनीनेच द्यायला हवा असं नाही, तुम्हीही कळवू शकता. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथून तिला काढता येत नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. जळगावला मार खाणाऱ्या बायांना मदत करणारं सखी केंद्र आहे, महिला हेल्पलाइन 181 वर फोन करा. मारहाण चालू असेल तर सरळ 112.

नाना_पारोळा: कोर्टकचेरी केली की घर मोडतं.

आप्पांची_लेक: नाना, तुमची पावडर बरी.

भुसावळ_जंक्शन: बापाला लेकरांची ओढ असते, तीच धरून बोला. साडू पोरीसाठीच तयार झाला होता. मात्र ॲडमिट करा, तेही हंगामाच्या आत. यावर तरी सगळ्यांचं एकमत आहे.

कळण्याची_भाकर: सगळ्यांचे आभार. ॲडमिट करत नाहीये. 15 हजारांतून चोपड्यात खोली घेतली, डिपॉझिट आणि पहिलं भाडं गेलं, उरल्या पैशांत गॅस. वहिनी आणि मुलं तिथे आहेत. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. भावाला सांगितलं, सरकारी दवाखान्यात तू स्वतः चल, मी केसपेपर काढते, दिवसभर थांबते. तुझ्यासाठी पैसे भरणार नाही. शिव्या दिल्या. सिस्टरताईंनी सांगितलं तेही बजावलं, की एकदम सोडू नकोस, डॉक्टरसमोर सोड.

भुसावळ_जंक्शन: म्हणजे पेशंट तिथेच बाटलीजवळ, आणि खर्च खोलीवर? आजारी कोण आहे नक्की?

कळण्याची_भाकर: मार खाणारी पहिली बाहेर निघाली पाहिजे, दादा. आता एक विचारायचं होतं. जुनी शाळा दाखल्यासाठी बापाची सही मागतेय आणि तो देत नाही. पोरांची शाळा बुडतेय.

वकीलीण_अमळनेर: सातवी आणि तिसरी, दोन्ही पहिली ते आठवीत बसतात. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. उद्याच चोपड्याच्या शाळेत पोरांना बसवा, दाखला मागून येईल. मुख्याध्यापकांनी कां-कूं केली तर नकार लेखी मागा.