जि. प. शाळेची लोकवर्गणी: गावाचा सहभाग की सरकारची सुटका?

माळकरी
परवा आमच्या शाळेसाठी सभा झाली. दोन तासांत रंगाचे पैसे, टीव्ही आणि चार पंखे जमले. पंख्यांच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव येणार आहे, लाल अक्षरात. (पंखा फिरला की वाचता येणार नाही, तेवढंच बरं.) मी विचारलं, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक शेवटची कधी झाली? इतिवृत्ताची वही निघाली. दर महिन्याला बैठक, सगळ्यांच्या सह्या! माझी वहिनी समितीवर आहे. ती म्हणाली, "वही पोराच्या दप्तरातून येते, मी सही करून परत पाठवते."
शिक्षण हक्क कायदा २००९ चा. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. कागदावर सगळं आहे. मी म्हणतो, पंखे राहू द्या, आधी ही बैठक खरी भरवा.

निवृत्त गुरुजी
बैठक भरवून गळकं छप्पर थांबत नाही हो. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५ हजार. त्यातच वीजबिल, खडू आणि किरकोळ दुरुस्ती. मी स्वतः गावात झोळी घेऊन फिरलोय, त्याची लाज नाही वाटत. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा गावानं उचलून धरली म्हणूनच नावारूपाला आली ना?

कोरडवाहू
गुरुजी, तुमची तळमळ मान्य, पण वाबळेवाडीचं उदाहरण आता पुरे. जवळ एमआयडीसी असलेल्या गावाला देणगीदार मिळतो. ज्या गावातून दिवाळीनंतर अर्धी माणसं ऊसतोडीला जातात, तिथं वर्गणी कोण देणार? इमारत आणि शिक्षक देणं ही सरकारची जबाबदारी, कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. २०२३ मध्ये तर दत्तक शाळा योजनाच आणली, देणगीदाराचं नाव शाळेला जोडायची सोय करून. आपण झोळी फिरवत राहू तोवर वरचे निवांत.

निवृत्त गुरुजी
वरचे जागे होईपर्यंत पोरगं चौथी पास होऊन जातं.

माळकरी
दोघांच्याही नजरेतून एक सुटतंय. कलम २२: शाळा विकास आराखडा समितीनं करायचा, आणि सरकारचं नियोजन व अनुदान त्याच्या आधारे ठरायचं. आमच्या शाळेचा आराखडा मागितला तर तीन वर्षांपूर्वीचाच, फक्त वरचं साल बदललेलं. त्यात छताचा उल्लेखही नाही. मग छताचे पैसे मागणार कशाच्या जोरावर?

रानवाट
मी समितीवर आहे, मुलगी तिसरीत. तुम्ही कलमं सांगताय, बैठक असते सकाळी अकराला. तेव्हा आम्ही खुरपायला. गेले तर रोज बुडतो, न गेले तर "पालकांना आस्था नाही". एकदा गेले होते, खुर्च्यांवर गावातली पुरुष मंडळी, आम्ही सतरंजीवर. स्वच्छतागृहाच्या कडीचं विचारलं, "बघू" म्हणाले. कडी अजून नाही.

कोरडवाहू
कडीला किती लागतात, चाळीस-पन्नास रुपये? एवढी तरी वर्गणीतून लावा. हे मी बोलतोय, बघा.

माळकरी
कडी उद्या मीच लावतो. संध्याकाळी सातच्या बैठकीचंही बोललो. सर म्हणाले, मी तालुक्याहून ये-जा करतो, शेवटची एसटी साडेसहाची.

रानवाट
मग पाचला ठेवा. पाचला आम्ही रानातून सुटतो.