मदत हवी आहे: सागवानी दारावरचे काळे डाग आणि नवा कोट

ऊन-पाऊस थेट खाणारं बाहेरचं दार. सुटलेलं व्हार्निश खरवडून ८०, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासलंय. राखाडी थर गेला, पण कडी-बिजागऱ्यांभोवतीचे निळसर काळे डाग हटत नाहीत. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (नैसर्गिक तुरट द्रव्य) यांचे ते डाग, त्यामुळे ऑक्झॅलिक ॲसिड लावणार (हातमोजे-गॉगल आलेच).

धुतल्यावर लाकूड पुरेसं सुकलं हे मॉइश्चर मीटरशिवाय कसं ओळखता? आत ओल राहिली तर कोट फुगून सुटणार.

वरून एक्स्टिरियर पीयू (बाहेरच्या लाकडासाठीचं पॉलियुरेथेन व्हार्निश) की तेल? पीयू जास्त टिकतं खरं, पण एकदा तडकलं की पाणी आत शिरतं आणि पुन्हा सगळं खरवडणं आलं. तेलाचा नुसता नवा हात दिला की भागतं, फक्त तो वरचेवर द्यावा लागतो. माझा कल तेलाकडे आहे.

आणि दाराची खालची कड दार न उतरवता सील करता येते का? पाणी सगळ्यात जास्त तिथूनच चढतं.