शब्दचर्चा : 'मतलबी मित्र' की 'स्वार्थी मित्र'?

दोन-अडीच वर्षांनी एका जुन्या मित्राचा फोन आला. पाच मिनिटं तब्येत, पोरंबाळं, आणि मग "अरे, एक काम होतं". फोन ठेवल्यावर आपसूक तोंडून गेलं, "मतलबी आहे लेकाचा!" मग वाटलं, 'स्वार्थी' का नाही म्हणालो? कारण तो स्वार्थी नाहीच. पैशाला किंवा वेळेला कधी मागेपुढे पाहणारा नाही. कोशात तर दोन्ही शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात. तुम्ही कुठे कोणता वापरता?

प्रतिसाद :
आधी व्युत्पत्ती. 'मतलब' अरबी आहे. मूळ धातूचा अर्थ मागणे, शोधणे. 'तलब' आणि 'तालिब' याच घरातले. मतलब म्हणजे जे हवं आहे ते, म्हणजे उद्देश, आणि पुढे बोलण्याचा आशयही. गंमत अशी की संस्कृत 'अर्थ' याच वाटेने चाललेला दिसतो : हेतूही अर्थ, आशयही अर्थ, वर पैसासुद्धा अर्थ. एकमेकांच्या नात्यागोत्यात नसलेल्या दोन शब्दांनी 'याला काय म्हणायचंय' आणि 'याला काय हवंय' हे प्रश्न एकत्र बांधावेत, याचं मला नेहमी हसू येतं.

दोघेही मुळात निष्पाप. न्यायशास्त्रात (कोर्टाच्या नव्हे, तर्काच्या) स्वतःला कळावं म्हणून केलेलं अनुमान ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेलं ते परार्थानुमान. 'बाल'चा 'बालक' होतो तेव्हा तो 'क' 'स्वार्थे' लागला असं वैयाकरण म्हणतात, म्हणजे मूळ अर्थ न बदलता. आणि 'आपमतलबी' पाहा. पुढे 'आप' जोडावा लागला, म्हणजे नुसत्या मतलबाला तेव्हा वास येत नसणार. आता 'आप' गळला तरी वास आहेच.

वापराचं म्हणाल तर माझ्या कानाला स्वार्थी हा स्वभाव वाटतो आणि मतलबी हे वागणं. स्वार्थी माणूस कुणाशी गोड बोलायला बांधलेला नाही. मतलबी माणसाला समोर कुणीतरी लागतं, आणि त्याच्याशी जवळीक दाखवावी लागते. 'स्वार्थी शत्रू' खपून जाईल, 'मतलबी शत्रू' म्हणून पाहा बरं. जिभेवर येत नाही. ज्याच्याकडून मैत्रीची अपेक्षाच नाही, त्याला मतलबी कसं म्हणणार?

प्रतिसाद :
शत्रूची कसोटी आवडली, पण 'त्याला मतलबाचं तेवढं बरोबर ऐकू येतं' हे आपण म्हणतोच की. तिथे कुठे आली मैत्री?

मूळ प्रश्नकर्ता :
ते नाम आहे. मतलब साधणं, मतलबाचं ऐकणं यात नुसता हेतू उरतो. विशेषण झालं की तक्रार सुरू होते.

प्रतिसाद :
म्हणी आठवून पाहत होते. 'कामापुरता मामा, ताकापुरती आजी', 'गरज सरो, वैद्य मरो', 'अडला हरी गाढवाचे पाय धरी', 'असतील शिते तर जमतील भुते'. मामा आला, आजी आली, वैद्य, गाढव, भुतंसुद्धा आली, मित्र मात्र एकीतही नाही. मला वाटतं मामा-आजी म्हणायला एक हाक पुरते, म्हणून ते नातं कामापुरतं जोडता येतं. 'मित्रा' अशी हाक मारून मात्र कुणी मित्र होत नाही.

आणि 'गरज' हा शब्दही तपासा. तोही अरबीच. मूळ अर्थ उद्देश, लक्ष्य. उर्दूत खुदगर्ज म्हणजे चक्क स्वार्थी. मराठीत येता येता त्याची निकड झाली, आणि 'गरजवंताला अक्कल नसते' म्हणताना आपल्याला त्याची कीवच येते. उद्देश या एकाच अर्थाचे दोन पाहुणे आले. एकाला आपण सहानुभूती दिली, दुसऱ्याला शिवी. दुसऱ्याला हवं असतं तेव्हा तो मतलब, मला हवं असतं तेव्हा ती गरज!

प्रतिसाद :
'मित्र' शब्द तरी कुठे सोवळा आहे? वेदातला मित्र हा वचन आणि करार पाळायला लावणारा देव. अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातला, 'मिथ्र' म्हणजे सरळ करारच. कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि शेवटचं मित्र. तिथे मित्र म्हणजे ज्याचं हित आपल्या हिताशी जुळतं तो. 'मित्रपक्ष' आणि दुसऱ्या महायुद्धातली 'दोस्त राष्ट्रे' त्याच परंपरेतली. हितोपदेशाच्या पहिल्या प्रकरणाचं नावही 'मित्रलाभ' आहे, लाभ! पसायदानात 'मैत्र जीवाचें' आहे. मतलबाला जसा 'आप' जोडावा लागला, तसा मैत्रालाही 'जीवाचें' जोडावा लागला असेल का? हा माझा तर्क, पुरावा मागू नका.

('संधिसाधू'तला साधू साधुसंतांपैकी नव्हे, साधून घेणारा. विषय निघालाच आहे म्हणून.)

प्रतिसाद :
एवढं सगळं झालं, पण त्या मित्राचं काम काय होतं?

मूळ प्रश्नकर्ता :
त्याच्या मुलीला माझ्या क्षेत्रातल्या अभ्यासक्रमाविषयी विचारायचं होतं. अर्धा तास बोललो तिच्याशी, हुशार आहे. अडचण वेगळीच आहे. तिच्या बोलण्यातून कळलं की तो आता जिथे काम करतो, तिथे माझं एक प्रकरण महिनाभर अडकून पडलंय. दोन दिवस फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. करीन बहुधा उद्या. आधी तब्येत विचारीन.