पगार तेवढाच मिळतोय, तरी जॉब सोडू का?

मानपाड्याची_मी
नमस्कार मंडळी. महापेला एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे, काम मुळातच आवडत नाही आणि वर रात्री साडेदहाला मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅप येतो की उद्याची शीट आत्ताच भरून टाक ना. यंदा इन्क्रिमेंट शून्य. आता ठाण्यातच वागळे इस्टेटमधून ऑफर आलीय, काम हवं तसं, पण सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) तेवढाच. घरचे म्हणतात पैसे वाढत नसतील तर कशाला उडी मारतेस. चारेक महिन्यांत इथे पाच वर्षं होतील, नोटिस दोन महिन्यांची. काय करू?

घोडबंदर_ग्रस्त
अहो ताई, मानपाड्याहून स्टेशन, मग नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर लोकल, कोपरखैरणेला उतरून परत शेअर रिक्षाची लाइन, हे सगळं वाचणार तो पगारच झाला की! कापूरबावडीचा ट्रॅफिक काय, दोन्हीकडे आहेच. सोडा बिनधास्त.

पेरोलवाला
बिनधास्त नको. आत्ता राजीनाम्याचे पेपर टाकू नका. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी मिळते, शेवटच्या महिन्याचा बेसिक (डीए असेल तर तोही) गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. बेसिक 30,000 धरला तर साडेशहाऐंशी हजार होतात, ते कोणाला सोडून द्यायचे? नोटिसचे दिवस सर्विसमध्येच धरतात, पण कंपनीने लवकर रिलीव्ह केलं तर बोंबला, म्हणून तारीख ओलांडूनच पेपर टाका.
दुसरं, सीटीसी सेम म्हणजे हातात सेम असं नसतं. ग्रॅच्युइटीचे म्हणून बेसिकच्या 4.81 टक्के त्यात घुसवलेत का, पीएफ पूर्ण बेसिकवर की महिना फक्त 1,800, व्हेरिएबल किती, हे सगळं लेखी घ्या.

ऐरोली_सेक्टर
मी उलट बोलतो, राग मानू नका. पुढच्या स्विचला एचआर जुनाच आकडा धरून बसतो, म्हणून थोडं तरी वाढवून मागा, नाही म्हणाले तर जॉइनिंग बोनस. मागायला काय जातंय? आणि मॅनेजर तिथेही कोणीतरी असणारच, त्या टीममधल्या एकाला आधी गाठून विचारा की रात्री फोन येतात का.

मानपाड्याची_मी
विचारलं सगळं. पीएफ तिथे 1,800 वरच, म्हणजे हातात थोडे जास्त येतील. वाढ नाही म्हणाले, पण जॉइनिंग पुढे ढकलायला तयार आहेत, मेल मागितलाय. एकच अडचण, तिथल्या मेडिक्लेममध्ये आईबाबा नाहीत आणि बाबांना शुगर आहे 😐

पेरोलवाला
मग आत्ताच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का बघा. घ्यायचं की नाही ते विमा कंपनी तपासून ठरवते, पण अर्ज नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आत टाका, तुमचा कव्हर संपला की जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड वगैरे सगळं पहिल्यापासून. टीपीएला (क्लेम हाताळणाऱ्या मधल्या कंपनीला) नको, थेट विमा कंपनीला फोन करा.