योरितोमोच्या लेखाला कोणतं चित्र लावू?

टिपणवही:
मराठी विकिपीडियावर जपानी राज्यकर्त्यांचे लेख सुधारतेय. कामाकुराचा पहिला शोगुन (लष्करी शासक) मिनामोतो नो योरितोमो (मृत्यू ११९९) याच्या लेखाला क्योतोच्या जिंगोजी मंदिरातलं ते प्रसिद्ध चित्र लावलं होतं. काळा कडक झगा, हातात मानाची सपाट पट्टी, चेहरा थंडगार. काल वाचलं की हा योरितोमो नाहीच, जवळपास दीडशे वर्षांनंतरचा आशिकागा तादायोशी (शोगुन ताकाउजीचा भाऊ) आहे, असं १९९५ मध्ये कला-इतिहासकार योनेकुरा यांनी मांडलं, आणि बऱ्याच जणांना ते पटलंय. काढू का? पंचाईत अशी, की त्या चित्राशिवाय योरितोमो माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही.

करकोचा:
काढू नका, लेखाच्या सुरुवातीच्या माहितीचौकटीतून खाली आणा. चौकटीत दिसला की वाचकाला वाटतं हाच तो. चित्राखालची ओळ कोण वाचतंय! वादाचा परिच्छेद लिहून तिथे लावा. चौकटीत कोफूच्या झेनकोजी मंदिरातली त्याची लाकडी मूर्ती चालेल.
आशिकागा ताकाउजीचा लेखही बघा. काळा घोडा, मोकळे केस, उपसलेली तलवार खांद्यावर, तोच स्वार लावलाय ना? त्या स्वाराच्या डोक्यावर ताकाउजीच्या मुलाची, योशिआकिराची सही आहे. बापाच्या डोक्यावर मुलगा सही ठोकेल? घोड्याच्या सामानावरचं चिन्हही को घराण्याचं, म्हणजे आशिकागांच्या सरदारांचं. ओनोमिचीच्या जोदोजी मंदिरातलं चित्र त्यापेक्षा बरं.

जुनीबखर:
आपल्याकडे नाही का, इब्राहिमखानाचं चित्र महाराजांचं म्हणून छापत होते, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी दाखवून देईपर्यंत. सम्राट मेइजीचा तरी सरळ फोटो आहे, तिथे डोकं लावू नका.

टिपणवही:
मलाही तसंच वाटलं होतं! पण १८८८ चा तो रुबाबदार 'फोटो' म्हणजे चित्राचा फोटो. सम्राटाला कॅमेऱ्यासमोर बसायचा कंटाळा, म्हणून कियोसोने या इटालियन चित्रकाराने मेजवानीत आडून त्याला रेखाटलं. तेच पुढे शाळाशाळांत गेलं. मी उचिदा कुइची या छायाचित्रकाराने १८७३ मध्ये काढलेला फोटो लावलाय, लष्करी पोशाखातला. खुर्चीत जरा अवघडून बसलाय, पण तो स्वतः आहे.
योरितोमोच्या चौकटीत मूर्ती टाकली. स्वार हलवला. दंतकथेतला पहिला सम्राट जिम्मू, त्याची चौकट रिकामीच ठेवतेय. कोणीतरी येऊन धनुष्यावर सोनेरी घार बसलेलं मेइजी काळातलं छापचित्र डकवणारच, तेव्हा चर्चापानावर भांडू.