अडीच तासांचं 'सौभद्र' : सोय की कापाकापी?

पेटीवाला : परवा इथे कुणीतरी 'सौभद्र' या संगीत नाटकाच्या आटोपशीर प्रयोगाबद्दल लिहिलं, "अडीच तासांत सौभद्र आटोपलं ते बरं झालं, पदांमुळे गोष्ट अडते." अहो, सौभद्रात गोष्ट पदांतूनच पुढे सरकते! वाचनालयातून संहिता आणून वाचा जरा. शंभराच्या वर पदं आहेत. साकी-दिंडी या छोट्या पद्यप्रकारांतून पात्रं चक्क संवाद करतात. मी पाहिलेल्या प्रयोगात साक्या-दिंड्या साफ उडवल्या, गाजलेली पदं तेवढी ठेवली. मागच्या रांगेतला मुलगा आईला विचारत होता, "हा संन्यासी खरा की खोटा?" विचारणारच. ज्यात अर्जुनाचं हे सोंग कळतं तेच छाटलंय.

बदलापूरकरीण : ती 'कुणीतरी' मीच. नाव घ्यायला काय होतं? पार्ल्याचा प्रयोग संपवून बदलापूर गाठा एकदा, मग दिंड्या मोजा. आणि १८ नोव्हेंबर १८८२ च्या पहिल्या प्रयोगात खुद्द नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी तीनच अंक केले होते. तीही कापाकापीच का?

पेटीवाला : पुढे पाचही केले, ते बरं सोयीस्करपणे विसरलात!

वरची बाल्कनी : पदं किती ते मरू दे, ऐकू येतात का? गालाला माइक चिकटवायचा, तबला असा ठणाणा की शब्द गायब. आमचे आजोबा बालगंधर्वांना माइकशिवाय शेवटच्या रांगेतून ऐकल्याचं सांगत.

ऑर्गनवाला : सगळ्यांचेच आजोबा शेवटच्या रांगेत कसे हो? मी साथीला बसतो. मागच्या प्रयोगात माइक गेला, सुभद्रेला सर्दी. 'वद जाऊ कुणाला शरण' सुरू झालं आणि तिसऱ्या रांगेतूनच ओरड, "आवाज!"

वरची बाल्कनी : म्हणजे माइक सर्दी झाकायला. कबुलीबद्दल आभार.

ऑर्गनवाला : एसीच्या घरघरीत पाचव्या रांगेपर्यंत आवाज पोचवून दाखवा. फुकट पास देतो.

वरची बाल्कनी : तिकीट काढून येतो मी. पासवाल्यांनीच ही वेळ आणलीय.

बदलापूरकरीण : भांडा तुम्ही. पण एकेका पदाला दोन-दोन वन्समोअर कोण घेतं? त्या वेळात पेटीवाल्यांच्या साक्या सहज बसतील.

पेटीवाला : वन्समोअर बंद करायला माझी हरकत नाही. घ्या, झालं समाधान? पण साक्या सगळ्या हव्यात, निवडक नकोत.

बदलापूरकरीण : सगळ्या घ्या. फक्त प्रयोग दुपारी चारला लावा.

वरची बाल्कनी : आणि माइक?