'चालतंय ना, मग हात लावू नका' म्हणणाऱ्यांना उत्तर

निशाचर_ऐरोली

काल 'जुनंसोनं' यांनी जे लिहिलं ते ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मॉनिटरिंगचा सर्व्हर, म्हणजे बाकीच्या सर्व्हरांवर आणि लिंकांवर नजर ठेवणारं मशीन, आतल्या नेटवर्कमध्ये असतो, गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही, तेव्हा त्याच्या प्रत्येक बगफिक्समागे धावणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, चालतंय तोवर हात लावू नये. खाली अंगठ्यांचा पाऊस. त्यातले निम्मे माझ्याच एनओसीतले (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या खोलीतले) असणार, अशी मला दाट शंका आहे.

जुनंसोनं काका, वेब सर्व्हरमध्ये बग असला की दहा मिनिटांत गिऱ्हाइकाचा फोन येतो. मॉनिटरिंगमध्ये बग असला की कोणाचाच फोन येत नाही. डॅशबोर्ड हिरवागार, सगळे चहाला.

एक नमुना देतो. ठाण्यातलं आमचं एक गिऱ्हाईक. एक जीबीपीएसची लिंक. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की सगळं रखडायचं, आणि आम्ही ग्राफ दाखवायचो की लिंक तर रिकामी आहे. ग्राफ ११४ एमबीपीएसच्या वर कधी गेलाच नाही. मॉनिटरिंगच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये (काय नि कसं मोजायचं त्याच्या तयार साच्यात) एसएनएमपीचा, म्हणजे उपकरणांकडून आकडे मागवायच्या पद्धतीचा, ३२ बिटी काउंटर होता; तो वाहून गेलेले बाइट मोजतो. एक जीबीपीएसची लिंक भरून वाहत असली की तो काउंटर साधारण ३४ सेकंदांत पुरा फिरून शून्यावर येतो, आणि आम्ही तो वाचत होतो पाच मिनिटांनी एकदा. मधे किती फेऱ्या झाल्या हे सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नाही, ते फार तर एक फेरी धरतं. पाच मिनिटांत एक फेरी म्हणजे ११४.५ एमबीपीएस. ग्राफला तिथेच छत. ६४ बिटी काउंटरवाला सुधारलेला टेम्प्लेट केव्हाचा येऊन पडला होता, पण आमच्याकडे तुमच्याच पंथाचे एक साहेब होते. गिऱ्हाइकाने शेवटी वैतागून बॅकअपचं सॉफ्टवेअर बदललं. नवं लायसन्स, नवं ट्रेनिंग. लिंक होती तशीच तुंबलेली.

आणि 'आतल्या नेटवर्कमध्ये आहे' याचं मला खरंच हसू येतं. आत आहे म्हणूनच तर! प्रत्येक सर्व्हरचा आयपी, एसएनएमपीचे पासवर्ड, एजंटचे हक्क, सगळ्या किल्ल्या एकाच मशीनवर. डिसेंबर २०२२ मध्ये कॅक्टी या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं भोक जाहीर झालं: लॉगिनसुद्धा न करता सर्व्हरवर कमांड चालवता येत होती, तीव्रता १० पैकी ९.८. १.२.२३ मध्ये दुरुस्ती आली, आणि ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्यावर पुढच्या महिन्यापासून प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले. झॅबिक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं तर आणखी बोलकं आहे. एसक्यूएल इंजेक्शनचा (डेटाबेसला आपला हुकूम घुसवता येण्याचा) बग, तीव्रता ९.९, नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. पण दुरुस्ती ७.०.१ मध्येच घालून ठेवली होती आणि जाहीर झालं तेव्हा ती आवृत्ती जुनी होऊन गेली होती. जो माणूस मुकाट्याने बारीक अपडेट घेत होता तो बातमी वाचून पान उलटून पुढे गेला. बाकीचे रात्री जागले.

जुनंसोनं

अंगठे मोजत बसलात, वाचलं मात्र नाहीत. तुमचं ११४ चं प्रकरण बग नाहीच. टेम्प्लेट चुकीचं निवडलं होतं, निवडणारे तुम्ही. ६४ बिटी काउंटर त्या स्विचमध्ये पहिल्या दिवसापासून असणार. उगाच सॉफ्टवेअरच्या नावावर बिल फाडू नका.

कॅक्टी ज्यांनी इंटरनेटला उघडं ठेवलं त्यांना शिक्षा मिळाली, मला त्यांची दया येत नाही. झॅबिक्सच्या त्या बगला आधी लॉगिन लागतं. आमच्याकडे लॉगिन दोघांची, मी आणि माझा साहेब. साहेबाला पासवर्ड आठवत नाही.

आता तुम्ही काय सांगत नाही ते मी सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सचं ओरायन उघडं पडलं. नेटवर्क मॉनिटरिंगचंच सॉफ्टवेअर, बरं का. हल्लेखोरांनी घुसखोरी केली ती अपडेटच्याच पोटातून, आणि सुमारे १८,००० गिऱ्हाइकांनी ते अपडेट सही-शिक्क्यासह उतरवून घेतलं. जे आळशी होते ते वाचले. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने ८५ लाख मशिनं निळी पडली. विमानतळावर लोक रांगेत उभे होते, आठवतंय?

आमच्याकडे एका उत्साही पोराने भर दुपारी मॉनिटरिंगची मोठी आवृत्ती चढवली. मोठ्या आवृत्तीत सर्व्हिस पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती स्वतःच डेटाबेसचा स्कीमा (टेबलांची रचना) बदलायला घेते, आणि परतीचा रस्ता नसतो. हिस्टरीची टेबलं अवाढव्य. रात्र उलटली तरी लॉगमध्ये टक्केवारीच सरकतेय. तेवढा वेळ शेकडो सर्व्हर जिवंत की मेलेले, देवाला ठाऊक. बॅकअप होता का विचाराल. होता. त्याच डिस्कवर.

रबाळे_रूट

दोघेही वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताय. निशाचर बोलतोय ७.०.० वरून ७.०.१ चं, काका बोलतायत ६ वरून ७ चं. पहिल्यात बहुतेक वेळा पॅकेज बदलायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. दुसरं म्हणजे प्रकल्प आहे, त्यात प्रॉक्सीही (मुख्य सर्व्हरसाठी आकडे गोळा करणारी मशिनं) आल्या. एकाच शिवीत दोन्ही कोंबू नका.

क्राउडस्ट्राइक विंडोजवर आणि सुरक्षेचा एजंट. इथे लिनक्स चाललंय.

माझं दुखणं मात्र वेगळंच आहे: ऑडिटर. रेड हॅटवाले जुन्याच आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या मागून भरतात, वरचा आकडा तोच राहतो. ऑडिटरचा स्कॅनर फक्त आकडा बघतो आणि पानभर लाल करतो. मग मी पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) काढायचा, सीव्हीईचा, म्हणजे त्या जाहीर झालेल्या भोकाचा, नंबर शोधायचा, स्क्रीनशॉट चिकटवायचा, पीडीएफ करायची. पुढच्या तिमाहीत तोच ऑडिटर, तोच स्कॅनर, तेच लाल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. बरोबरच आहे. पण घटना कळायला मॉनिटरिंग धड असावं लागतं, हे त्या एक्सेलमध्ये कुठल्याच रकान्यात नाही.

घणसोली_लोकल

सगळे साहेब लोक छान बोलताय. पॅच मारतो कोण? एलवन, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवरचा पोरगा. कधी? 'रात्री १२ ते ४ विंडो (बदलांसाठी ठरलेली वेळ) आहे.' जातो कसा, येतो कसा, कोणी विचारलंय? ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी केव्हाच गेलेली. महापेहून रात्री चारला रिक्षावाला घणसोलीपर्यंतचे जे सांगतो ते ऐकून वाटतं तिथेच सर्व्हर रूममध्ये पडावं, एसी तरी आहे. बिल लावलं तर एचआर म्हणतं घरून व्हीपीएनने का नाही केलं. घरून केलं आणि मशीन वर आलं नाही तर साहेब म्हणतो साइटवर का नव्हतास. कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) मागितला की 'बघू'. बगफिक्सचं जे काय ठरवायचं ते ठरवा, आधी या 'बघू'चं फिक्स काढा.

कळव्याची_मी

घणसोली, तू निदान पुरुष आहेस. मला विंडोचं मेल येतं संध्याकाळी सहाला, आणि 'कॅबचं बघतो' हे साडेअकराला. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. हे मी एकदा मेलमध्ये लिहिलं तर मला 'टीम प्लेअर' नसल्याचं सांगण्यात आलं. जुलैत विटाव्याला पाणी भरलं की कॅबवाला ऐरोलीतच हात वर करतो. पहाटे साडेचारला, पावसात, लॅपटॉप छातीशी धरून उभं राहून बघा कोणीतरी. मग अपडेट घ्यावं की न घ्यावं यावर निबंध लिहा.

जुनंसोनं

आमच्या वेळी असली रडगाणी नव्हती. १ जुलै २०१२, रविवार, पहाटे साडेपाच. लीप सेकंद (घड्याळात वाढवलेला जादा सेकंद) आला आणि लिनक्सच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या) बगमुळे जावा आणि मायएसक्यूएलवाले सर्व्हर सीपीयू शंभर टक्के करून बसले. मॉनिटरिंग फक्त बोंबलत होतं, कारण सांगत नव्हतं. मी नौपाड्यातून स्कूटरवर गेलो, भर पावसात. डेट कमांडने आहे तीच वेळ पुन्हा सेट केली, लोड धाडकन खाली. ना रीबूट, ना पॅच. कॅब कोणी मागितली नव्हती.

घणसोली_लोकल

मागायला हवी होतीत. तुम्ही फुकट गेलात म्हणून आज आम्हाला 'बघू' ऐकावं लागतं. आणि तो प्रताप कर्नलमध्ये राहून गेलेल्या बगमुळेच झाला होता ना? स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देताय.

जुनंसोनं

बाळ, तू तेव्हा शाळेत होतास. माझ्याकडे आजही एक मशीन आहे, दोन वर्षांहून जास्त अपटाइम, म्हणजे तेवढा काळ एकदाही बंद नाही. कधी कुरकुर नाही.

निशाचर_ऐरोली

दोन वर्षं कर्नल बदललेला नाही, हे लोक छाती काढून सांगतात तेव्हा मला घाम फुटतो. सेंटओएस ७ (लिनक्सचीच एक जुनी आवृत्ती) तर नाही ना ते? त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला.

घणसोली_लोकल

अपटाइमचं नाव काढू नका. असल्याच एका 'हात न लावलेल्या' स्विचने मला रात्री तीनला उठवलं, 'रीबूट झाला' म्हणून. घाईघाईने लॉगिन केलं तर सगळे पोर्ट जागच्या जागी, लॉगमध्ये काही नाही. एसएनएमपीचा अपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ३२ बिटांत तो ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. ट्रिगर (कधी ओरडायचं याचा नियम) लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं होतं की अपटाइम दहा मिनिटांच्या खाली आला की ओरड. लिनक्सवर तर एसएनएमपीचा डीमन (मागे चालणारा एजंट) नुसता रीस्टार्ट केला तरी हेच होतं, कारण तो आकडा एजंटचा, मशीनचा नव्हे. मशीनचा वेगळा ओआयडी (एसएनएमपीत आकड्याचा पत्ता) आहे. टेम्प्लेटमध्ये ही दुरुस्ती करतो म्हटलं तर उत्तर काय? चेंज रिक्वेस्ट टाक, रात्रीची विंडो घे.

कळव्याची_मी

एक मिनिट. काका, तुमचाच मुद्दा होता ना, की मॉनिटरिंगचा सर्व्हर गिऱ्हाइकाला दिसत नाही? मग तो बंद ठेवायला मध्यरात्र कशाला हवी? सकाळी अकराला करा. सगळे जागेवर असतात, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) असतो, व्हेंडरचा सपोर्ट फोन उचलतो. रात्री तीनला चढवून पहाटे चारला 'झालं' असं मेल टाकायचं, आणि बिघाड कळतो तो सकाळी नऊच्या शिफ्टला. काय साधलं?

रबाळे_रूट

हे मी दोन मॅनेजरांना सांगून थकलो. रेल्वे रविवारी मेगाब्लॉक दिवसाढवळ्या घेते आणि आधी जाहीर करते. आपण वीस मिनिटांच्या रीस्टार्टसाठी माणसं जागवतो. फक्त तेवढ्या वेळात दुसरं कोणीतरी बघत असायला हवं. एका स्वस्त व्हीएमवरून महत्त्वाच्या सर्व्हरवर साधा पिंग (मशीन जिवंत आहे का) आणि पोर्ट चेक (सर्व्हिस उत्तर देते का), वेगळ्या मार्गाने एसएमएस. तेवढं पुरतं.

जुनंसोनं

पिंगवर विश्वास ठेवणारे अजून शिल्लक आहेत म्हणजे. कॉनट्रॅकचं, म्हणजे चालू कनेक्शनं नोंदवणारं, टेबल भरून नवी कनेक्शनं गळत असतात आणि दर मिनिटाचा तुमचा पिंग त्यातून नशिबाने पार होतो.

निशाचर_ऐरोली

म्हणून तर पोर्ट चेकही म्हटलंय त्याने. वाचत चला.

सोलरविंड्सचं मान्य, बस? तिथे अपडेट न घेणारा वाचला. पण तो नशिबाने वाचला, धोरणाने नाही, आणि नशीब एसएलएमध्ये (गिऱ्हाइकाशी केलेल्या सेवेच्या करारात) लिहिता येत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की चेंजलॉग वाचा. 'अमुक आयटम चुकीने अनसपोर्टेड होत होता' (म्हणजे तो मोजणंच बंद पडत होतं) अशी एक ओळ असते. ती आपल्याला लागू होते का ते बघायला चहा थंड व्हायच्या आत होतं. न वाचता सगळं चढवणारा आणि न वाचता काहीच न चढवणारा, दोघांचाही चेंजलॉग कोराच.

जुनंसोनं

तीन पानी भाषणानंतर 'माझं म्हणणं एवढंच'. बरं. बारीक अपडेट घेईन. आल्या दिवशी नाही, पंधरा दिवसांनी, तोवर तुमच्यासारखे हौशी लोक आमच्या वतीने आपटून घेतील. मोठी आवृत्ती टेस्ट मशीनवर चालवून दाखवल्याशिवाय नाही. आणि दुपारी, जेवण झाल्यावर. बाईसाहेबांचा मुद्दा बरोबर आहे, एवढं मी लिहून देतो, बाकी कोणाचा नाही.

कळव्याची_मी

फ्रेम करून लावते.

रबाळे_रूट

काका, बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर घ्या या वेळी. डेटाबेस, कॉन्फिग, अलर्टच्या स्क्रिप्टा, सगळं. स्क्रिप्टाच नेहमी विसरतात.

जुनंसोनं

त्या स्क्रिप्टा कोण गोळा करणार? निम्म्या ज्याने लिहिल्या तो पुण्याला गेला.

घणसोली_लोकल

एलवन. अजून कोण.